आंबट गेलं कुठं?

'शुक्रूत' हा शब्द फ्रेंच कानाला अगदी घरचा वाटतो. 'शू' म्हणजे कोबी, 'क्रूत' म्हणजे पावाचं कडक कवच. पण बरणी उघडून पाहावी तर कवच कुठेच नाही. आत नुसता मिठात आंबलेला, बारीक चिरलेला कोबी.

शब्द मुळात आल्सासचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या जर्मन सीमेवरच्या प्रांताचा. तिथल्या जर्मन बोलीत 'सूरक्रूत': 'सूर' म्हणजे आंबट, 'क्रूत' म्हणजे कोबी. १६८१ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजानं तिथलं मुख्य शहर स्ट्रासबुर्ग घेतलं, आणि अठराव्या शतकात हा शब्दही फ्रेंच तोंडात रुळला. रुळताना गंमत झाली. आंबटाच्या जागी कोबी येऊन बसला आणि मूळच्या कोबीचं कवच झालं. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदार' करणाऱ्यांनी यावर फार हसू नये. शिवाय तो 'शू' आणि पोर्तुगिजांकडून आलेला आपला 'कोबी' एकाच लॅटिन 'काउलिस'चे वंशज.

बरणीतलं आंबट मात्र असं हरवत नाही, मीठ मोजलं तर. किलोभर चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम. हातानं चुरायचा, पाणी सुटेपर्यंत. व्हिनेगर नाही, वरून पाणी नाही. जुनिपर या सुगंधी झुडपाची पाच-सहा फळं घालून बरणीत ठासायचा आणि वर वजन ठेवायचं. रस वर आलाच पाहिजे. १८ ते २० अंशांत तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत बुडबुडे येतात, म्हणून झाकण घट्ट लावू नये. मीठ कमी पडलं किंवा उकाडा वाढला की कोबी लिबलिबीत होतो. मीठ एका जागी साचलं तर गुलाबी. एखादं पान रसाबाहेर राहिलं की वर पांढरी साय धरते. शब्दाला साजेसं कवच म्हणाल तर एवढंच, आणि ते काढून टाकायचं असतं.

शिजवण्याआधी आल्सासचे लोक शुक्रूत गार पाण्यात धुतात, मग रीसलिंग वाइन आणि डुकराच्या किंवा हंसाच्या चरबीत मंद आचेवर ठेवतात. नावातलं आंबट आधीच गेलेलं, उरलेलं नळाखाली! एकदाच धुवावं, घट्ट पिळावं. दोनदा धुतलं तर नुसता कोबी उरतो.