सोसायटीत ५जी: आधी सिग्नल मोजा

५जीच्या रेडिओ लहरींचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. आरसीसी भिंती तो सहज ओलांडत नाही. त्यामुळे जुळे सोलापुरातल्या एखाद्या इमारतीत गच्चीवर भन्नाट वेग आणि तळमजल्यावर रखडपट्टी, असं होऊ शकतं. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करून सिग्नल पाहा (काही फोनमध्ये चालत नाही). उणे ९० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) चांगलं. उणे ११०च्या खाली, म्हणजे उणे १२० वगैरे असेल तर वेगाची आशा सोडा.

नुसते कॉल तुटत असतील तर वाय-फाय कॉलिंग (घरच्या वाय-फायवरून कॉल) सुरू करा, फुकटात काम होतं. सिग्नल वाढवणारा विनापरवाना बूस्टर नकोच. बेकायदा आहे, वर शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडवतो.

इमारतीत फायबर असेल तर घरासाठी तेच घ्या. नसेल तर गच्चीवर रिसीव्हर बसवणारं ५जी कनेक्शन खरंच उपयोगी. त्याला इन्व्हर्टरची लाइन मात्र द्या. लाइट गेली की तेही बंद.