टाकीला साबण

परवा यवतेश्वरचा घाट उतरून घरी आलो आणि गाडीखाली टपटप ऐकू आली. वाकून पाहिलं तर फरशीवर ओला डाग, वास थेट नाकात. गाडी 1999 ची, वडिलांनी घेतलेली. टाकीच्या खालच्या जोडाला गंज चढलेला. बायको आतूनच ओरडली, "आधी देवापुढचा दिवा विझवते!" बरोबरच होतं तिचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत कुठवर सरपटेल नेम नाही.

गोडोलीच्या मिस्त्रींना फोन लावला. "धुण्याच्या साबणाची वडी घासा. रातभर तग धरंल." घासली, आणि थेंब खरंच थांबला! साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एवढीच त्यातली गंमत.

सकाळी मिस्त्रींनी येऊन टाकी उतरवली. म्हटलं, वेल्डिंगचा एक टाका मारा की. त्यांनी हातच जोडले. "रिकामी टाकी भरल्यालीपेक्षा वंगाळ, दादा. आत वाफ असतीया, ठिणगी पडली की गेलं." टाकी उपडी केली तर चहाच्या चोथ्यासारखा गंज बाहेर. वेल्डिंगचा विषयच संपला.

दुसरी टाकी कराडला एका भंगारवाल्याकडे आहे म्हणे. तोवर आम्ही एसटीने.