कोलायटिस शांत, पण जीजीटी वाढलेली: लेकीच्या लिव्हरच्या तपासण्यांचा माझा अनुभव

आमच्या लेकीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, त्याचं मेसालामाईन हे औषध चालू होतं, शी व्यवस्थित, रक्त बंद, वजनही वाढत होतं, त्यामुळे आम्ही अगदी निर्धास्त होतो. नेहमीच्या ब्लड टेस्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) थोडी वाढलेली आली, डॉक्टरांनी लगेच जीजीटी (पित्तनलिकांना त्रास असला की वाढणारं एन्झाइम) करायला लावली आणि ती तर चांगलीच जास्त निघाली. अल्कलाईन फॉस्फेटेज या लिव्हरच्याच दुसऱ्या टेस्टवर फार जाऊ नका म्हणाले, वाढत्या वयात हाडांमुळे ते तसंही जास्तच असतं, मुलांमध्ये पित्तनलिकांचं दुखणं पकडायचं तर जीजीटी बघायची. आयबीडी (आतड्यांची दीर्घकाळची सूज, कोलायटिस त्यातलाच) असलेल्या मुलांच्या आईबाबांनो, हे नाव लिहून ठेवा आणि रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या.

कारण पोट शांत म्हणजे लिव्हर ठीक असं नसतं हो, दोघांचं आपापलं चालतं. कावीळ, अंगाला खाज वगैरे बऱ्याचदा खूप उशिरा दिसतं.

तोपर्यंत घरात काविळीचा काढा, गुळवेल असे सल्ले सुरू झालेच. मी ठाम नाही म्हटलं. गुळवेल घेतलेल्या पेशंट्सच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापल्या होत्या, आणि इथे तर ऑटोइम्यूनचीच, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याची शंका होती.

सोनोग्राफी नॉर्मल, हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह, पण ऑटोइम्यूनकडे बोट दाखवणाऱ्या रक्ताच्या दोन टेस्टमध्ये आयजीजी वाढलेलं आणि एएनए पॉझिटिव्ह. मग एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय. त्यात इंजेक्शन नव्हतं, उपाशीपोटी जायचं आणि मशीनमधून सांगतील तसा श्वास धरायचा, एवढंच, पण मुलांना तेच जमत नाही. आम्ही आदल्या दिवशी पलंगावर झोपवून "श्वास घे, सोड, आता धर" अशी प्रॅक्टिस करून घेतली, त्याचा इतका उपयोग झाला की भूल द्यावी लागली नाही. फोटोत लिव्हरच्या आतल्या पित्तनलिका कुठे अरुंद, कुठे फुगलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसत होत्या.

त्यानंतरच्या लिव्हर बायोप्सीची (तपासायला लिव्हरचा तुकडा काढण्याची) मला जास्त धास्ती होती. आधी प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघतात, मग झोपेचं औषध देऊन सोनोग्राफीत बघत सुई घालतात. नंतर तिला उजव्या कुशीवर झोपवून ठेवलं, उठायचं नाही, सिस्टर सारख्या येऊन बीपी, पल्स बघून जायच्या. खांदा दुखतोय म्हणाली तेव्हा माझा जीव वर आला, पण बायोप्सीनंतर असं होतं, पॅरासिटामॉलने थांबलं. बाटलीतला तो बारीकसा तुकडा बघून वाटलं, एवढ्याशा गोष्टीवर सगळं ठरणार.

रिपोर्ट आला ऑटोइम्यून स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस आणि पित्तनलिकांची सूज दोन्ही. औषधं सुरू झाली: प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (पित्ताचा प्रवाह सुधारणारं), आणि नंतर अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं). अझाथायोप्रिनच्या आधी टीपीएमटी आणि एनयूडीटी15 या, औषध शरीरात पचवणाऱ्या जनुकांची तपासणी केली, कारण एनयूडीटी15 मधला दोष आपल्याकडे युरोपियन लोकांपेक्षा जास्त सापडतो आणि तो असला तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक खाली येतात. तुमच्याकडे हे औषध सुरू होणार असेल तर ही टेस्ट आधी विचाराच.

आता एसजीपीटी नॉर्मलला आलीये, जीजीटी उतरतेय पण अजून पूर्ण नाही. स्टिरॉइड हळूहळू कमी करतोय. हिपॅटायटिस बीच्या लसीने येणारी अँटीबॉडी कमी निघाली म्हणून त्या लसीचा बूस्टर दिला. आणि कोलायटिससोबत पित्तनलिकांचं हे दुखणं असलं की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्यामुळे पोट कितीही छान असलं तरी ती थोडी मोठी झाली की दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करत राहायची, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं, आणि मला ते फार आवडलं.