वेग = वारंवारता × तरंगलांबी

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर आलेलं हे सूत्र आपण सगळ्यांनी दोन गुणांसाठी पाठ केलं. बिनतारी उपकरणांच्या कामात आजही पहिला आधार त्याचाच. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याला वारंवारतेने भागलं की लहरीची लांबी निघते, आणि लहर कुठे अडेल हे बरंचसं त्या लांबीवर ठरतं.

आकाशवाणी धारवाडची मध्यम लहर ७६५ किलोहर्ट्झची, म्हणजे लांबी सुमारे ३९२ मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, डोंगर-टेकड्यांची फारशी पर्वा करत नाही. म्हणून बेळगावात साध्या ट्रान्झिस्टरवरही धारवाड आणि सांगली दोन्ही लागतात. आतली फेराइटची कांडी, म्हणजे लहर पकडणारी अँटेना, केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो, कांडीचं टोक तिकडे वळलं की बसतो.

वायफायचं तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहा. खानापूरकडच्या जाड भिंती पावसाळ्यात ओल धरतात आणि पाणी या लहरी शोषून घेतं; अशा घरात ५ गिगाहर्ट्झचा हट्ट धरू नये. पत्रा आणि लोखंडी कपाट तर लहर परतवूनच लावतात. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्या फळीवर ठेवावा. अँटेना उभी असेल तर लहरी आजूबाजूला पसरतात, टोकाच्या दिशेला फार कमी. माळ्यावर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करावी.

बेळगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली घरं, प्रत्येकात राउटर. २.४ मधले चॅनेल ५-५ मेगाहर्ट्झवर आखलेले, पण सिग्नल २० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. शेजाऱ्यांशी बोलून एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ वाटून घ्यावेत. हे फुकटात होतं आणि नव्या राउटरपेक्षा जास्त गुण देतं.

याच पट्ट्यात ब्लूटूथही चालतं. ते ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारत गर्दी चुकवतं. तरी मागच्या खिशातला मोबाइल आणि कानातला इअरफोन यांच्यामध्ये आपलंच अंग येतं, आणि अंगात पाणीच जास्त. मोकळ्या मैदानात लहर परतवायला भिंतीही नसतात, गाणं तुटतं ते यामुळे. शाळेच्या संगणकाचा बिनतारी माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हशेजारी आहे का ते आधी बघा. त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ च्याच आसपास पडतो. रिसीव्हर हातभर एक्स्टेन्शन वायरवर बाजूला घेतला की काम होतं.