माया सोडून कापताना

बुधवार, रात्र

आज टॉप उसवला. पूर्ण शिवला, घालून पाहिला आणि उसवला.

रंग ओतून चित्रं काढणाऱ्या अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकसारखे शिंतोडे, डिजिटल प्रिंट, सैल कट. स्केचबुकात झकास दिसत होतं. अंगावर आल्यावर मात्र भिंत रंगवताना घालायचा जुना कपडा वाटला. आरशात बघून आधी हसू आलं, मग राग. चूक मापाची आहे हे कळायला तासभर गेला. पोलॉकचं 'ऑटम रिदम' (1950) हे चित्र सव्वापाच मीटर रुंद आहे. अख्खा हात फिरवून, चालत चालत ओतलेल्या रेषा. त्या मी आकसून छातीवर बसवल्या, तेव्हा रेषा गेल्या आणि ठिपके उरले. त्यात प्रिंटचा रिपीट. तोच फटकारा दर साठ सेंटीमीटरला, वेळापत्रकानुसार घडणारा अपघात!

मार्च 1951 च्या 'व्होग'मध्ये फोटोग्राफर सेसिल बीटननं पोलॉकच्या चित्रांसमोर मॉडेल उभ्या करून फोटो काढले होते. ते बघितले की मी नाक मुरडायचे, की चित्राचा पडदा केला. आता वाटतं, त्यानं निदान चित्र त्याच्या मापाचं तरी ठेवलं.

मुळात मला फसवलं ते फॅशन डिझायनर सेंट लॉराँच्या 1965 च्या मॉन्द्रियान ड्रेसनं, चित्रकार मॉन्द्रियानच्या काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनांवरून केलेल्या. तिथे जर्सीचे तुकडे जोडलेत आणि अंगाला लागणारा आकार त्या जोडांतच लपवलाय, कारण सरळ काळी रेघ शिवणीला छान साथ देते. हाताच्या झोक्याला कसली शिवण घालणार?

शुक्रवार

चित्रकार हेलन फ्रँकेन्थालर. 1952 मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिनं 'माउंटन्स अँड सी' रंगवलं. कॅनव्हासला प्रायमर (रंग आत मुरू नये म्हणून आधी देतात तो थर) नाही, तैलरंग टर्पेंटाइननं पातळ केलेला. रंग कापडावर बसत नाही, कापड तो पितं. वाचताना एकदम लक्षात आलं, अगं, हे तर कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याचं काम! प्रायमर म्हणजे आपली खळच की.

मांजरपाटाचे दोन तुकडे घेतले. एक खळीसकट, दुसरा गरम पाण्यात धुऊन खळ काढलेला. दोन्हींवर तोच निळा, सारख्याच पातळपणाचा. खळीवर थेंब फुगून बसला, रुसल्यासारखा. दुसऱ्यावर पसरला आणि धाग्याधाग्यानं पुढे सरकत राहिला, कडेला फिकट होत होत. त्या कडेकडे बघत बसले आणि चहा गार झाला.

शनिवार

आज धाडस केलं. खळ काढलेला, रंग पक्का बसावा म्हणून सोडा ॲशमध्ये भिजवलेला कोरा ड्रेस डमीवर चढवला (डमीला प्लास्टिक गुंडाळून) आणि खांद्यावरून रंग ओतला.

पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरायचा, म्हणून त्याचा रंग पडला तिथेच राहायचा. माझा पळाला. खांद्यावरून सुसाट, छातीच्या उभारावर फाटे फुटले, कमरेच्या चुण्यांत साचला, तिथून घेरात लांब ओघळ. टक्स जिथे घेतले होते तिथे रंगानं आपोआप वळण घेतलं. अंग कुठे आहे ते रंगानंच सांगितलं! पाच दिवस मी नक्षी कुठे ठेवायची यावर डोकं फोडत होते.

डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचा तो 1998 चा शो आठवला, फिरत्या चकतीवर मॉडेल शालोम हार्लो आणि तिच्या पांढऱ्या ड्रेसवर रंग फवारणारे दोन रोबो. अनेकदा पाहिलाय, नजर दरवेळी रोबोंवरच. आज फक्त कापडाकडे पाहिलं.

फोटो काढले नाहीत. हात निळे होते.

सोमवार

ड्रेस चांगला झालाय, पण पुन्हा तसा होणार नाही आणि मला तीन लागतील. त्यामुळे दोन मीटर वेगळे रंगवले, सपाट, आणि आज कापायला बसले. कात्री चालेना. सर्वांत सुंदर डाग नेमका मधोमध.

चित्रकार ली क्रॅस्नर आठवली, पोलॉकची बायको. पन्नाशीच्या दशकात तिनं स्वतःची चित्रं फाडली, कापली, त्या तुकड्यांचे कोलाज केले आणि 1955 मध्ये मांडले. त्यात पोलॉकचे टाकून दिलेले कागदही होते. नवऱ्याच्या सावलीत तिचं नाव घ्यायची लोकांची सवय मला अजिबात आवडत नाही. आमच्या धंद्याच्या सर्वांत जवळची तीच. तिला माहीत होतं की कापल्यावर काहीतरी जातं.

फर्मा (कापायचा कागदी नमुना) उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, ठेवला, डागावरूनच, आणि कापलं. अर्धा डाग बाहीवर आला, अर्धा पुढच्या भागावर. जोडताना दोन्हीकडून दीड दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड, आत गेली, म्हणजे डागाच्या पोटातला गडद निळा पट्टाच गेला. बाहेरून आता डाग जुळत नाही, एक पायरी पडल्यासारखा दिसतो. मला ती पायरी आवडली.

अस्तर लावत नाही. ड्रेस उलटा केला की तो पट्टा दिसायला हवा. कडांना मात्र इंटरलॉक मारावं लागेल, उरेब कापड आहे, ताणून झोळ यायला वेळ लागणार नाही. दोरा पांढरा की निळा, उद्या बघते.