गच्चीवरून गुरूचं वस्तुमान: बारावीच्या वर्षाची नोंदवही, हंगाम २०२५-२६

स्थळ: बोरिवली पूर्व, सात मजली इमारतीची गच्ची. दुर्बीण: ६ इंची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), नाभीय अंतर १२०० मिमी. आयपीस २५ मिमी (४८ पट) आणि १० मिमी (१२० पट). फोन आणि तो आयपीसवर बसवायचा अडॅप्टर. मोटर नाही, वेगळा कॅमेरा नाही. निरीक्षक बारावी सायन्सची, त्यामुळे वेळापत्रक आकाशापेक्षा परीक्षांच्या हाती जास्त.

लक्ष्य काय आणि का

नवी दुर्बीण आली की देवयानी दीर्घिका शोधायची हौस येतेच. मुंबईच्या उजेडात तिचा गाभा तेवढा पुसट डागासारखा दिसतो आणि तिथेच निम्म्या मुलांचा उत्साह मावळतो. गुरूचे चार मोठे चंद्र (आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो) मात्र ४.६ ते ५.६ प्रतीचे आहेत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तेवढं तेज जास्त). शहरातल्या दिव्यांना ते जुमानत नाहीत. त्यामुळे या वर्षी 'काय काय पाहिलं' अशी यादी करायची नाही, एकच गोष्ट मोजायची असं ठरलं. चंद्रांची गुरूपासूनची अंतरं रोज टिपायची, त्यातून कक्षेची त्रिज्या आणि आवर्तकाळ (एका फेरीला लागणारा वेळ) काढायचा आणि अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातला केप्लरचा तिसरा नियम वापरून (त्रिज्येचा घन भागिले आवर्तकाळाचा वर्ग, वस्तुमान त्याच्या प्रमाणात) गुरूचं वस्तुमान काढायचं.

दुसरं लक्ष्य नोव्हेंबरातली ऑलिंपियाडची पहिली फेरी. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच झालं, यजमान मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. त्या स्पर्धेत सिद्धांत आणि निरीक्षणाबरोबर माहितीच्या विश्लेषणाचाही स्वतंत्र भाग असतो. वहीत स्वतःचे आकडे असले की त्या भागाचा सराव आपोआप होतो. तिसरं लक्ष्य आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा. ते इथे फक्त नोंदीपुरतं.

ऑक्टोबर: पहाटेचं काम

गुरू मिथुन राशीत, महिन्याच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर उगवणारा. म्हणून कॉलेजच्या आधी, सव्वापाचच्या सुमारास निरीक्षण. तेव्हा तो पूर्वेकडे चांगला वर असतो आणि रात्रभर निवलेल्या काँक्रीटमुळे बिंब थरथरत नाही. (संध्याकाळी शनीकडे एकदा बघून घ्यावं. कडं जवळपास काठावर आलेलं आहे, नोव्हेंबरअखेर ते आणखी बारीक होईल.)

या महिन्यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा करून जागतिक वेळ लिहिताना पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदींची तारीख एक दिवस मागे जाते. ती बदलायची राहिली, तर आयोचा बिंदू आलेखात अर्ध्याहून जास्त फेरी चुकतो आणि दोष दुर्बिणीवर जातो. दुसरं, दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवू नये. गार आरसा गच्चीवरच्या दमट हवेत आला की त्यावर लगेच बाष्प धरतं. ते पुसायचं नाही, तसंच उडू द्यायचं. त्यात अर्धा तास जातो आणि तोवर उजाडतं.

नोव्हेंबर: मोजपट्टी तयार करणं

फोटोतलं अंतर पिक्सेलमध्ये मिळतं, आपल्याला हवं विकलांत (अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला). इथे बहुतेकांचा प्रयोग फसतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सोपा वाटणारा मार्ग असा: गुरूच्या बिंबाचा व्यास माहीत आहे, तोच मापदंड धरावा. पण चंद्र दिसतील इतकं एक्स्पोजर दिलं की बिंब जळून फुगतं. फुगलेलं बिंब खऱ्यापेक्षा २० टक्के मोठं असेल, तर अंतर १७ टक्क्यांनी कमी येतं. वस्तुमानाच्या सूत्रात अंतराचा घन आहे, त्यामुळे उत्तर थेट ४२ टक्क्यांनी कमी. बिंबाचा फक्त मध्यबिंदू वापरावा, आकार नाही.

खात्रीचा मार्ग पृथ्वीच्या फिरण्याचा. दुर्बीण स्थिर ठेवली की आकाश दृश्यक्षेत्रातून सरकतं, आकाशाच्या विषुववृत्तावर सेकंदाला १५.०४ विकला. इतरत्र त्याला क्रांतीच्या (त्या विषुववृत्तापासूनच्या कोनीय अंतराच्या) कोसाइनने गुणायचं. गुरूची क्रांती या हंगामात २२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १३.९ विकला. पायऱ्या अशा:

गुरूला दृश्यक्षेत्राच्या पूर्व काठाकडे आणून हात काढायचा, नळी शांत व्हायला तीन-चार सेकंद द्यायचे, मग २० सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. तेवढ्यात गुरू सुमारे २७८ विकला सरकतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधला बिंबाचा मध्य पिक्सेलमध्ये वाचायचा आणि भागाकार करायचा. सरकण्याची रेषा हीच पूर्व-पश्चिम दिशा, त्यामुळे कोणता चंद्र कोणत्या बाजूला याचाही निकाल लागतो. पूर्वेकडचं अंतर धन, पश्चिमेकडचं ऋण.

मोजपट्टी व्हिडिओतून काढली असेल, तर चंद्रांची अंतरंही त्याच व्हिडिओच्या फ्रेमवरून मोजायची, वेगळ्या फोटोवरून नाही. फोन व्हिडिओ घेताना चित्राच्या कडा कापतो आणि फोटोचे पिक्सेलही वेगळे असतात, म्हणून दोन्हींचं प्रमाण जुळत नाही. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय बंद करावी, नाहीतर फोन गुरूलाच जागेवर धरायचा प्रयत्न करतो. नाइट मोड बंद, मुख्य लेन्स पक्की, डिजिटल झूम कायम एकच. चंद्रांसाठी आयएसओ ८०० आणि एक्स्पोजर सेकंदाचा पंधरावा भाग इथून सुरुवात करून पुढे-मागे करावं. एवढ्या वेळात गुरू विकलाभरच सरकतो, त्यामुळे चित्र फारसं ओघळत नाही.

आयपीस कोणता, हे चंद्रावर अवलंबून. कॅलिस्टो गुरूपासून १० कलांपर्यंत दूर जातो. १० मिमीच्या आयपीसमध्ये सगळं मिळून २६ कलांचं क्षेत्र, त्यात कडेला चित्र ताणलं जातं आणि फोन आणखी कापतो. कॅलिस्टोसाठी २५ मिमी, आयो आणि युरोपासाठी १० मिमी. प्रत्येक आयपीसची मोजपट्टी वेगळी, आणि अडॅप्टर काढून परत बसवला की पुन्हा नवी.

डिसेंबर: आयोची फसवणूक

गुरू आता रात्री आठ-साडेआठला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूने उगवतो. त्या दिशेला दिवे कमी, ही बोरिवली पूर्वेची चैन. निरीक्षण साडेनऊनंतरच. त्याआधी गच्ची दिवसभराची ऊब सोडत असते. एसीच्या बाहेरच्या यंत्रांवरून आणि पाण्याच्या टाकीवरून नजर जाणार नाही अशी जागा निवडावी. लिफ्टच्या मशीनरूमपासून लांब, कारण लिफ्ट हलली की १२० पटीत गुरू नाचतो. गच्चीची किल्ली आणि सोसायटीची लेखी परवानगी आधीच घेऊन ठेवावी, वॉचमनशी रोज हुज्जत नको.

नोंदी रोज एकाच वेळी घेतल्या की आयोचा आवर्तकाळ २.३ दिवस दिसू लागतो. खरा १.७६९ दिवस. निरीक्षणात चूक नसते. २४ तासांच्या अंतराने घेतलेल्या बिंदूंवर दोन्ही वक्र तितकेच चपखल बसतात. उपाय एकच: त्याच रात्री दोन तासांनी दुसरा व्हिडिओ. आयो दोन तासांत १७ अंश फिरतो. बिंबाजवळ असताना हे सुमारे ४० विकलांचं सरकणं, म्हणजे जवळपास बिंबाएवढं. मग खोटा आवर्तकाळ टिकत नाही. बारावीच्या रात्रींत दोन तास जागणं परवडत नसेल, तर आयो सोडून द्यावा आणि गॅनिमीड धरावा. ७.१५५ दिवसांचा आवर्तकाळ, चौघांत सर्वांत तेजस्वी, आणि एखादी रात्र हुकली तरी वक्र तुटत नाही. कॅलिस्टो १६.७ दिवसांचा, अंधुक, आणि धुरकट रात्री सर्वांत आधी तोच गायब.

चंद्र ओळखायला स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायला हरकत नाही. अंतरं त्यातून उचलली, तर प्रयोग करायचा कशाला?

जानेवारी: प्रतियुती

१० जानेवारीला गुरू प्रतियुतीत (आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला), ४.२३ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), बिंब ४६.६ विकला. मुंबईचा अक्षांश १९ आणि गुरूची क्रांती २२, त्यामुळे रात्री पाऊणच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. डॉब्सोनियनला नेमकं तिथेच दिशा बदलणं अवघड जातं. साडेनऊ ते साडेदहा बरं, गुरू ४५ ते ६० अंशांवर असतो.

हिशोब. प्रत्येक रात्रीचं अंतर किलोमीटरमध्ये आणायचं: विकला × त्या रात्रीचं गुरूचं अंतर (खगोलीय एककांत) × ७२५. हे केल्याशिवाय ऑक्टोबर आणि जानेवारीचे बिंदू एका वक्रावर बसत नाहीत. ऑक्टोबरात गुरू बराच दूर होता. मग आवर्तकाळ अंदाजे धरून वेळेला त्याने भागायचं, पूर्णांक टाकून द्यायचा आणि उरलेला अपूर्णांक आडव्या अक्षावर मांडायचा. आवर्तकाळ बरोबर असेल तर साइनचा एकच वक्र दिसतो, चुकला तर ठिपके पसरतात. वक्राची उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या. ती डोळ्यांनी न ठरवता साइन आणि कोसाइनचे दोन स्तंभ करून स्प्रेडशीटमधल्या लाइनेस्ट सूत्राने काढावी. गुरूचा अक्ष जेमतेम ३ अंश कललेला, म्हणून चंद्र जवळपास एका रेषेत येतात आणि एवढा साधा वक्र पुरतो.

ताळा करण्यासाठी: गॅनिमीड प्रतियुतीच्या दिवसांत जास्तीत जास्त ३४९ विकलांपर्यंत जातो, म्हणजे १०.७ लाख किलोमीटर. त्यातून वस्तुमान १.९ गुणिले १० चा २७ वा घात किलो. अंतरात ३ टक्के चूक असेल तर वस्तुमानात ९ टक्के. आवर्तकाळातली चूक दुप्पटच होते आणि सात फेऱ्यांत ती फार बारीक होऊन जाते. सगळा जोर मोजपट्टीवर द्यायचा तो यासाठी.

स्थिती: गॅनिमीडचा वक्र भरला. युरोपाचा अर्धा. कॅलिस्टोच्या पश्चिम टोकाचे बिंदू धुरक्यामुळे कमी.

फेब्रुवारी-मार्च

बोर्डाची परीक्षा. दुर्बीण झाकलेली.

एप्रिल-मे: प्रकाशाचा वेग

गुरू आता संध्याकाळी, पश्चिमेकडे कललेला. त्याची सावली पूर्वेला तिरकी पडते, त्यामुळे आयो ग्रहणातून बाहेर येताना बिंबापासून सुटा दिसतो. हा क्षण १२० पटीत, फोनच्या घड्याळावर, सेकंदांपर्यंत नोंदवावा. आयो एकदम उजळत नाही, काही मिनिटं घेतो. म्हणून पहिल्यांदा ठिपका दिसला तोच क्षण दर वेळी धरायचा. दोन ग्रहणांतलं सरासरी अंतर ४२ तास २८.६ मिनिटं. जानेवारीअखेरच्या एका नोंदीपासून या पटीने मोजत गेलं, तर एप्रिलची ग्रहणं सुमारे सात मिनिटं उशिरा येतात, कारण गुरू तेवढा लांब गेलेला असतो आणि प्रकाशाला तेवढं जादा अंतर कापावं लागतं; जादा अंतर भागिले उशीर म्हणजे प्रकाशाचा वेग. १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमरने हाच उशीर धरला होता. यासाठी जानेवारीअखेरची एक नोंद परीक्षेच्या धामधुमीतही घेऊन ठेवणं भाग आहे.

जूनच्या आधी

पाऊस लागायच्या आत आयपीस हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. जेल तापवून पुन्हा वापरता येतं, पण निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये. आरसा झाकणासह, पण खोलीत वारा खेळता हवा. बंद कपाटात चार महिने राहिलेल्या लेन्सवर बुरशीच्या शिरा चढतात आणि त्या कोटिंगसकट खातात.

पुढचा हंगाम: प्रतियुती फेब्रुवारी २०२७. पृथ्वी आणि सूर्य त्या सुमारास चंद्रांच्या कक्षेच्या पातळीजवळ येतात, म्हणून चंद्र एकमेकांना झाकतील, एकमेकांवर सावली टाकतील. अशी संधी सहा वर्षांनी येते. घटना काही मिनिटांची, व्हिडिओत तेज उतरताना मोजता येतं. वेळापत्रक पॅरिसची आयएमसीसीई संस्था काढते. त्यासाठी एक्स्पोजर हाताने पक्कं करून फोन स्वतःहून उजेड बदलणार नाही याची चाचणी आत्ताच घ्यावी. शेजारचा दुसरा चंद्र तुलनेसाठी त्याच चौकटीत हवा.