बॅगेतला राजीनामा

नाईट संपवून आत्ता घरी आलेय, बूट काढायचंही त्राण नाही. वॉर्डात २२ पेशंट आणि आम्ही दोघी. पहाटे एका आजोबांनी हात धरला, "सिस्टर, दोन मिनिटं बस ना." शेजारच्याचं सलाईन संपत आलेलं, पलीकडे एकाचा ऑक्सिजन उतरत होता. "आलेच हं आजोबा," म्हणून निघाले. परत गेले तेव्हा ते झोपले होते.

लोकांना वाटतं, नर्स पगारासाठी सोडून जाते. पगार कमी आहेच. पण काम मनासारखं करता येत नाही, हे जास्त पोखरतं. आणि घाईत डोस चुकला तर, ही धास्ती रात्रभर पाठ सोडत नाही. २००२ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास आला होता : प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. आम्हाला ते आकड्यांशिवायही कळतं.

राजीनामा लिहून तीन आठवडे झाले. बॅगेतच आहे, घडी पडलेला.

आज परत नाईट. अर्धा तास आधी जाणार आहे. रिपोर्टिंगच्या आधी आजोबांजवळ बसायचंय.